आक्कांनी दिलेला शब्द

आमच्या कॉलनीत पाणी आलं का, हे आता मोबाइलच्या ग्रुपवर विचारावं लागतं. एक जण म्हणतो आलं, दुसरा म्हणतो आमच्याकडं नाही, तिसरा नुसतं हात जोडलेलं चित्र टाकतो. आक्का होत्या तोवर असली चर्चा नव्हती. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस कोपऱ्यावर सायकल लावायचा आणि आक्का फाटकात येऊन शिट्टी मारायच्या. साधीसुधी शिट्टी नव्हे, पलटणीत पी.टी. घेणाऱ्या नवऱ्याची पितळी शिट्टी. तो आवाज कानात घुसला की साखरझोपेतला माणूस आधी उठून उभा राही आणि आपण का उठलो याचा विचार मग करी. राहायला आल्याच्या पहिल्याच पहाटे मी ती ऐकली आणि नवऱ्याला म्हणाले, "शेजारी पोलीस राहतात वाटतं." तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "पोलीस एवढ्या पहाटे उठत नाहीत."

सांगली संपत आली आणि कुपवाडचे कारखाने अजून सुरू झाले नाहीत, अशा मधल्या पट्ट्यात आमची कॉलनी आहे. पूर्वी इथं ऊस होता. मग मालकानं जमीन गुंठ्यागुंठ्यानं विकली आणि माणसं येऊन बसली. अशा वस्तीला आमच्याकडं गुंठेवारी म्हणतात. गुंठेवारीत घर आधी येतं, मग वीज, मग पाणी, आणि गटार येईल तेव्हा येईल. कुणी जतकडून आलेला, घरात कानडी बोलणारा, कुणी वडूजकडचा. मी उंब्रजची. चौगुले काका जवळच्याच खेड्यातले जैन, मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. सगळ्यांचं गाव दुसरीकडं आणि इथं नुसतं घर. दसऱ्याला निम्मी कॉलनी कुलूपबंद असते.

आक्कांना मात्र हे गाव वाटायचं. सगळी चूक तिथंच झाली, असं मला आता वाटतं.

त्यांचं नाव हौसाबाई. वडूजच्या पलीकडच्या दुष्काळी खेड्यातल्या. तिथं प्रत्येक घरातला एक जण फौजेत, तसे त्यांचे मालकही हवालदार. पाच-सात वर्षं आक्का त्यांच्याबरोबर उत्तरेत कुठंकुठं फॅमिली क्वार्टरमध्ये राहिल्या आणि तिथलं हिंदी घेऊन परत आल्या. मालक आजारानं गेले तेव्हा संतोष शाळेत होता. आक्कांनी गावाकडं न राहता इथं जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या, पोराला आयटीआय केलं, कुपवाडच्या कारखान्यात चिकटवलं. अंगानं बुटक्या, पण चालणं परेडचं. भाजीवाल्याला म्हणायच्या, "फालतू बात न्हाई, काटा दाखव." माझा नवरा आळशी आहे हे त्यांनी आठवड्यात ओळखलं. फाटकातून हाक यायची, "जवान, कचरा भायेर ठिवला का?" आणि हा इकडं अंथरुणातूनच "व्हय जी" म्हणायचा.

कपाळावर त्यांच्या हिरवं गोंदण होतं, लहानपणी गावात काढलेलं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणायच्या, "कुंकू पुसलं. ह्ये कोण पुसतंय?" आणि हसायच्या. ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही.

कॉलनीनं त्यांना मानायला सुरुवात केली ती एका खुर्चीमुळं. इथली जमीन काळी, पाणी मुरत नाही. एका पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचून राहिलं. तक्रारी करून करून शेवटी एक साहेब गाडीतून आले आणि लांब डांबरी रस्त्यावर, कोरड्यात उभे राहून विचारू लागले, कुठं आहे पाणी?  आक्कांनी घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, लुगडं सावरत पाण्यात शिरल्या, ती भर पाण्यात मधोमध मांडली. मग परत जाऊन चहाची कपबशी घेऊन आल्या आणि खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. "साहेब, चा टाकलाय. हितंच घ्यायचा," म्हणाल्या. सगळी गल्ली गच्चीवर. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, बूट काढले, पँट दुमडली आणि आले. चहा प्यायले. आठवड्यात मुरुमाच्या गाड्या आल्या. साहेबांनी जाताना आक्कांना हात जोडले, तेही मनापासून जोडले असं मला वाटलं.

दिलेला शब्द त्यांच्या लेखी फार मोठा. जतकडच्या कलाप्पाची सून बाळंतपणाला मिरजेच्या दवाखान्यात निघाली तेव्हा आक्का नुसत्या "मी येते गं" म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनाच ताप भरला. तरी गेल्या, आणि पोर होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर गोधडी पांघरून कण्हत बसल्या. मी त्याच भागात एका लॅबमध्ये काम करते. डबा घेऊन गेले तेव्हा त्यांना रागावले. त्या म्हणाल्या, "बोलले न्हवं येते म्हणून? शबुद म्हंजे काय रेशन हाय व्हय, ह्या म्हैन्यात आलं आन् फुडल्या म्हैन्यात न्हाई?"

संक्रांतीचं हळदीकुंकू कॉलनीत मारुतीच्या देवळापुढं व्हायचं आणि त्याचा सगळा बंदोबस्त आक्कांकडं. सतरंज्या, तिळगूळ, बायकांची रांग, लहान पोरांना हाकलणं, मसाला दूध. सगळं त्यांच्या हुकमात. आणि हळदीकुंकवाचं तबक फिरायला लागलं की आक्का दुधाच्या पातेल्यामागं जाऊन उभ्या राहायच्या. तिथं जा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं, हेच वाईट होतं. एका वर्षी मी करंडा घेऊन सरळ पातेल्यामागं गेले. आक्कांनी माझं मनगट धरलं.

"तुज्या पदरात लेकरू हाय सुषमा. उद्या त्येला खोकला झाला तरी ह्या बाया माझं नाव घेतील."

"घेऊ देत की आक्का."

"तुला काय जातंय म्हणायला. ऱ्हायचं मला हाय हितं."

मला राग आला. त्यांचा आला, सतरंजीवर बसून वाण मोजणाऱ्या बायकांचाही आला. दूध न घेताच मी घरी आले.

मग लोकसभेचं वर्ष उजाडलं. मतदान उन्हाळ्यात होतं, पण वारं संक्रांतीलाच सुटलं. त्या वर्षी देवळापुढं झालरीचा मांडव पडला, लाऊडस्पीकर लागला आणि हळदीकुंकवाला वहिनीसाहेब येणार असं ठरलं. वहिनीसाहेब म्हणजे उभे राहणार होते त्या उमेदवारांच्या पत्नी. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, समोरच्या बाजूचे लोक पलीकडच्या कॉलनीत याहून वेगळं काही करत नव्हते.

बाई दिसायला साध्या, बोलायला गोड. रांगेतून हसत, प्रत्येकीला "बरं आहे ना?" विचारत हळदीकुंकू लावत चालल्या होत्या. मागं दोघीजणी ओटीच्या टोपल्या घेऊन. रांग संपली तेव्हा त्यांची नजर पातेल्याकडं गेली. बरोबरच्या एकीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. वहिनीसाहेब जरा थांबल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही मानत नाहीत." सरळ पातेल्यामागं गेल्या आणि आक्कांच्या कपाळाला कुंकू लावलं.

 आक्कांच्या हातातलं ओगराळं दुधात सुटलं. वहिनीसाहेबांनी खण, नारळ, तांदूळ घेऊन त्यांची ओटी भरली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. मी आक्कांकडं बघत होते. खाणावळीत चुकून दुसऱ्याचं ताट आपल्यापुढं आल्यावर माणूस बघतो, तशा त्या पदरातल्या नारळाकडं बघत होत्या.

आमच्या भागात ओटी भरणारीला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. काही नसलं तर त्याच ओटीतले चार दाणे तिच्या पदरात परत घालायचे. पण एवढ्या मोठ्या बाईला चार दाणे कसे घालावेत? घरी जाऊन काही आणावं, तर वहिनीसाहेबांना पुढच्या कॉलनीत जायची घाई. आक्का एकदम सावधानमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनीसाहेब, ही गल्ली तुमची. एकबी मत हिकडचं तिकडं हुणार न्हाई. जबान हाय माजी."

कुणी मागितलं नव्हतं. वहिनीसाहेब हसल्या, त्यांनी आक्कांचे दोन्ही हात हातात घेतले. पुन्हा टाळ्या. देवळाच्या कट्ट्यावर बसलेले चौगुले काका तेवढे टोपी सारखी करत उठले आणि घरी गेले.

त्यानंतर कॉलनीत एक नवल घडलं. मोठ्या घरच्या बाईनं कुंकू लावलं म्हटल्यावर बाकीच्यांचं भय गेलं. आधी चौगुले काकूंनी आक्कांना शुक्रवारी बोलावून कुंकू लावलं, मग कलाप्पाच्या सुनेनं, मग सगळ्यांनीच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आक्का पातेल्यामागं उभ्या राहिल्या नाहीत. सतरंजीवर आमच्यात बसल्या, मांडी घालून, आणि द्रोणातली आंब्याची डाळ अगदी सावकाश खाल्ली. कपाळाला रोज एक बारकी मेंदी रंगाची टिकली लावायला लागल्या. मी विचारलं, मी लावत होते तेव्हा का नको म्हणालात?

"तू लावलं असतंस तर माज्याबरुबर तूबी वाळीत. त्यांनी लावल्यावर कोण बोलतंय?" मग म्हणाल्या, "पयल्या दिशी आरशात बगितलं न्हवं, तर वळखूच येईना. म्हटलं, कोण गं बाय तू?"

तेव्हा शब्द आता नुसता शब्द राहिलेला नव्हता. तो खाली पडला तर टिकलीही कपाळावर राहणार नाही, असं आक्कांनी मनाशी पक्कं धरलं होतं. कुणी कितीही सांगितलं असतं तरी त्यांना ते पटलं नसतं.

प्रचार सुरू झाला. आक्कांनी पत्रकं वाटली नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. संध्याकाळी एकेका दारात जायच्या, पाणी मागून प्यायच्या आणि निघताना म्हणायच्या, "मी शबुद दिलाय. ध्येनात असू द्या." प्रत्येक दारात उत्तर तेच. "आवं आक्का, तुमच्या शब्दाभायेर हाय व्हय आमी?" कलाप्पा म्हणाला, त्याची सून म्हणाली, रिटायर झालेले पोस्टमन म्हणाले. ज्या घरावर दुसऱ्या पक्षाचा झेंडा होता त्या घरातूनही हेच उत्तर आलं. मी काय म्हणाले ते विचारू नका. मी पाणी दिलं, आणि त्यांच्या नातवाच्या शाळेची चौकशी केली.

फक्त चौगुले काकांनी तोंडावर सांगितलं. मी फाटकातच होते, म्हणून ऐकलं.

"आक्का, दिवस मावळायच्या आत जेवण आणि मशिन बंद व्हायच्या आत मत. ह्या दोन गोष्टी मी कुणाला इचारून करत न्हाई."

"म्हंजे देणार न्हाई?"

"देणार की न्हाई ते सांगतच न्हाई म्हणतोय. तुमी पाण्याची शिट्टी मारा, आमी घागरी घिऊन येतो. मत काय नळाला येत न्हाई."

आक्का तिथून निघाल्या त्या काकांशी पुन्हा बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "येवडी वर्सं शेजारी ऱ्हायला, पर मानूस कळला न्हाई." खरं म्हणजे कॉलनीत तेवढा एकच माणूस कळण्यासारखा वागला होता.

घरातही धुसफूस होती. संतोष इतकी वर्षं कारखान्यात काम करतोय, पण अजून कंत्राटावर. दर थोड्या महिन्यांनी घरी बसवतात आणि पुन्हा नव्यानं घेतात. त्याचा सगळ्याच पुढाऱ्यांवर राग. भिंतीला भिंत लागून, म्हणून कानावर आलं. "तू लोकांची मतं वाटणारी कोण गं आई? एका नारळावर?"  मग आक्कांचा आवाज आला. "नारळावर न्हाई रं." पुढं त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही, कारण सुनेनं मिक्सर लावला.

मतदानाच्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आक्कांनी शाळेच्या अलीकडं, पोलिसानं दाखवलेल्या रेषेबाहेर, लिंबाखाली माठ ठेवला होता. म्हाताऱ्यांना रिक्षात घालून आणत होत्या, रांगेतल्या बायकांना पाणी पाजत होत्या. मत देऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण त्यांना शाईचं बोट दाखवून हसत होता. आक्का त्या प्रत्येक बोटाला मान लववून दाद देत होत्या. कलाप्पा तर पाया पडला. मला तिथं उभं राहवेना. बोटावरची शाई सगळ्यांची एकसारखीच असते.

कुणी कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण कुठल्या शाळेतल्या कुठल्या खोलीत किती पडली ते निकालानंतर कळतं. आमच्या खोलीत आमची कॉलनी आणि शेजारची चार घरं. वहिनीसाहेबांचे साहेब पडले. सगळ्या मतदारसंघातच पडले, पण आमच्या खोलीत अगदी सपाटून पडले. त्यांचा एक कार्यकर्ता मोटारसायकल थांबवून भर कोपऱ्यावर म्हणाला, "आक्का, तुमच्या गल्लीनं तर पार झोपवलं की आमास्नी." वाईट बोलला नाही, हसूनच बोलला. आक्का भाजी घेत होत्या. पिशवी तशीच भाजीवाल्याच्या गाडीवर ठेवून घरी गेल्या.

मी नंतर पुष्कळ विचार केला की गल्लीनं असं का केलं. आक्कांवर कुणाचा राग नव्हता. कलाप्पानं गावाकडच्या जमातीचा निरोप मानला. पोस्टमनना पेन्शनचं काहीतरी खुपत होतं. कुणी महागाईवर चिडून, कुणी आरक्षणावर, कुणी देवाच्या नावावर, कुणी संविधानाच्या. कुणाच्या पोरानं मोबाइलवर दाखवलं म्हणूनसुद्धा. प्रत्येकजण आपापलं गाव डोक्यात घेऊन त्या खोलीत शिरला होता. एका गल्लीत राहणं आणि एका गल्लीचं असणं यात फरक असतो, आणि तो बटणापुढं एकटं उभं राहिल्यावर कळतो. मत द्यायचा हक्क त्यांचा होताच. पण "शब्दाभायेर न्हाई" असं म्हणायची सक्ती कुणी केली होती? चौगुले काकांसारखं बोलता आलं असतं. आपल्याकडं नाही म्हणणं उद्धटपणाचं आणि हो म्हणून न करणं रीतीचं, त्याला कोण काय करणार?

त्या रात्री जेवताना संतोषनं आईला आपणहून सांगितलं, की त्यानंही मत दुसरीकडंच दिलं. सून मला म्हणाली, आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं नाही, रडल्या नाहीत. "तुजं मत तुजं हाय. माजा शबुद माजा हुता," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी संपवली. गल्लीत कुणालाही त्यांनी विचारलं नाही, तू कुणाला दिलंस म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बायका त्यांना टाळायला लागल्या. आपली लाज झाकायला माणूस दुसऱ्याच्या घरापुढून वाट बदलून जातो. शुक्रवारी कुंकवाला बोलावणं आलं नाही. त्यात विधवेचा विटाळ मानायचा काही भाग नव्हता, नुसतीच तोंड चुकवाचुकवी होती. आक्कांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. संतोषची बदली नाही, आजार नाही, भांडण नाही, तरी महिनाभरात त्या गावी भावाच्या शेजारी एका खोलीत राहायला गेल्या. अजून तिथंच असतात. दिवाळीला फोन केला तर आवाज खणखणीत येतो, पण कॉलनीची चौकशी करत नाहीत.

जाण्याआधी एका दुपारी त्या माझ्याकडं आल्या. नेसूचं इस्त्रीचं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळाला टिकली. हातात पिशवी. म्हणाल्या, "गाडी काड. वहिनीसाहेबांकडं जायाचं हाय. ओटी परत द्यायची."

"ओटी कुणी परत करतं का आक्का?"

"शबुद पडला मंग ओटी कशी ठिवू? नारळ फोडून खाल्ला आमी, त्यो दुसरा घेतलाय. खण त्योच हाय, घडीबी मोडली न्हाई."

मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. निवडणुकीत ज्या बंगल्यापुढं चप्पल काढायला जागा नसायची, तिथं दोन माणसं मांडवाचे बांबू उतरवत होती. आत गार होतं. वहिनीसाहेब घरच्याच साडीत बाहेर आल्या, दमलेल्या वाटल्या. "या ना, बसा," म्हणाल्या. कोण कुठल्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. आक्का उभ्याच राहिल्या. त्यांनी पिशवीतून खण, नारळ, तांदळाची पुडी काढून दोन्ही हातांनी पुढं धरली.

"अगंबाई, कशाला एवढं?" वहिनीसाहेबांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि टीपॉयवर ठेवलं. त्यांना वाटलं, बाई भेट घेऊन आली.

"मी गल्लीचा शबुद दिला हुता तुमास्नी," आक्का म्हणाल्या. "पडला. त्ये सांगाय आले."

वहिनीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी काही मदत करते का म्हणून. मग आक्कांच्या दंडाला हात लावून मायेनं म्हणाल्या, "अहो, निवडणुकीत सगळेच शब्द देतात. सगळीकडंच देत होते. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

 तो शब्द आक्कांनी उन्हातान्हात दारोदार वाहिला होता, त्यापायी शेजाऱ्याशी बोलणं तोडलं होतं, पोटच्या पोराचं ऐकून घेतलं होतं. आणि इथं तो कुणी ठेवूनच घेतलेला नव्हता. मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं.

निघताना वहिनीसाहेबांनी रीतीप्रमाणं करंडा आणला. आधी मला हळदीकुंकू लावलं. मग चिमटीत कुंकू घेऊन आक्कांकडं वळल्या. टिकली दिसत होती, मंगळसूत्र नसलेला गळा पदराखाली झाकलेला. आक्का एक पाऊल मागं सरल्या.

"वहिनीसाहेब, मला कुंकवाचा धनी न्हाई," त्या म्हणाल्या. "तवाबी नव्हता."

त्या नको म्हणत होत्या की वहिनीसाहेबांना पारखून बघत होत्या, हे मला अजून ठरवता येत नाही. नजर मात्र त्यांनी वहिनीसाहेबांच्या बोटांवरून काढली नाही. खोलीत आम्ही तिघीच होतो. बाहेर बांबू पडल्याचा आवाज आला. वहिनीसाहेबांचा हात तसाच थांबला, मग हळूच खाली आला. चिमटीतलं कुंकू त्यांनी करंड्यात परत टाकलं, बोटं रुमालाला पुसली आणि झाकण लावलं.

"बरं मग," त्या म्हणाल्या, "चहा तरी घेऊन जा."

आक्का सोफ्याच्या कडेवर बसल्या. चहा आला तो त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारत, सगळा प्यायला.